कोल्हापुरात आंदोलनाच्या मांडवात पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जावा

कोल्हापुरात नवीन आलेला माणूस, मग तो विद्यापीठात शिकायला आलेला असो नाहीतर एमआयडीसीत नोकरीला, महिन्याभरात एक गोष्ट बघतोच, ती म्हणजे शहरात कुठं ना कुठं मांडव घातलेला असतो. वर ताडपत्री, खाली जाजम, मागं फ्लेक्स, शाहू महाराजांच्या फोटोला हार, आणि पाच-पंचवीस माणसं बसलेली. रिक्षावाल्या मामांना विचारलं तर ते म्हणतात "बसल्यात ती, चार दिवस झालं". बऱ्याच जणांना थांबावंसं वाटतं, काय चाललंय विचारावंसं वाटतं, पण आपण ना गावचे ना संघटनेचे, आपलं काय काम तिथं, असं वाटून ते पुढं निघून जातात, आणि मग त्या विषयाची माहिती व्हॉट्सॲपवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून घेतात.

अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. माझं सांगणं मुळात एकच आहे, लांबून उभं राहून बघू नका, आत जाऊन जाजमावर बसा, निदान दोन तास बसा, आणि मोबाईल तेवढा वेळ खिशात ठेवा. बाकीचं सगळं हे नीट जमावं म्हणून.

कुठं जायचं

पहिलं ठिकाण दसरा चौक. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवरून, व्हीनस कॉर्नर मार्गे चालत जाता येतं. चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि आजूबाजूला त्यांच्या काळातली वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं. ज्या राजानं २६ जुलै १९०२ ला संस्थानातल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या त्याच्या पुतळ्यासमोर लोक आपलं गाऱ्हाणं घेऊन बसतात, आणि जागा निवडताना हे सगळ्यांच्या डोक्यात असतं. २०१८ साली मराठा आरक्षणासाठी सकल मराठा समाजाचं ठिय्या आंदोलन इथंच झालं, आणि तेव्हा वेगवेगळ्या समाजाच्या संघटना, पेठांमधल्या तालमी, वकील असे सगळे येऊन पाठिंब्याची पत्रं देऊन जात होते.

दुसरं म्हणजे कलेक्टर ऑफिस, नागाळा पार्कच्या बाजूला. ज्याचं काम सरकारी फायलीत अडकलंय तो इथं येतो. धरणग्रस्त, अभयारण्यग्रस्त, अंगणवाडी सेविका, आशा, पूरग्रस्त, सगळे. चांदोली अभयारण्यग्रस्तांनी श्रमिक मुक्ती दलाच्या आणि भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली इथं मुक्काम ठोकून ठिय्या दिलेला आहे, म्हणजे बायकापोरांसकट, भांडीकुंडी घेऊन. २०२५ च्या ऑगस्टमधे नांदणी मठाच्या, गुजरातला नेलेल्या महादेवी हत्तिणीला परत आणण्यासाठी निघालेली मूक पदयात्रा पण नांदणीहून चालत इथंच येऊन थांबली.

बिंदू चौकाचं वजन वेगळं. तिथं महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे आहेत, माधवराव बागलांच्या पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० ला बसवलेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. डाव्या, पुरोगामी, आंबेडकरी संघटनांची निदर्शनं बहुतेक इथं होतात. याशिवाय पाणी, घरफाळा (घरपट्टी), कचरा असले विषय असले की महापालिकेचं गेट, आणि शाहू समाधी स्थळ. १६ जून २०२१ चं संभाजीराजेंचं मूक आंदोलन समाधी स्थळावर झालं होतं, त्याच्या आदल्या महिन्यात, ५ मे ला, सुप्रीम कोर्टानं मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला होता.

ग्रामीण भागात जाणार असाल तर हिशोब वेगळा. शिरोळ, हातकणंगले भागात ऊसदराचं आंदोलन ऑक्टोबर-नोव्हेंबरात तापतं, कारण तेव्हा कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि त्याच्या आधी जयसिंगपूरला स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद असते. नवीन माणसानं परिषदेला जरूर जावं, मैदानात कुठंही बसता येतं, कोणी काही विचारत नाही, आणि एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) म्हणजे काय, रिकव्हरी (उसातून निघणारा साखरेचा उतारा) म्हणजे काय, टनाला किती मागतायत आणि का, हे एका संध्याकाळी कानावर पडतं.

कसलं आंदोलन आहे ते आधी ओळखा

हे महत्त्वाचं आहे कारण प्रत्येक ठिकाणी वागायची रीत वेगळी.

धरणे किंवा निदर्शनं म्हणजे साधारण सकाळी अकरा ते दुपारी दोन-तीन, घोषणा, भाषणं, मग चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन देणार आणि सगळे घरी. इथं तुम्ही उशिरा गेलात तर फक्त गुंडाळलेले फ्लेक्स दिसतील. ठिय्या म्हणजे मागणी मान्य होईपर्यंत हलायचं नाही, दिवसच्या दिवस, रात्रीपण. बसून बोलायला सगळ्यात चांगलं हेच, कारण माणसांकडं वेळ असतो.

साखळी उपोषण म्हणजे रोज वेगळी बॅच बसते, आज या गावचे लोक, उद्या त्या गावचे, किंवा आज हा विभाग उद्या तो. उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापूरला व्हावं म्हणून इथल्या वकिलांनी असंच आळीपाळीनं बसून ती मागणी कित्येक वर्षं जिवंत ठेवली, आणि शेवटी १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी सर्किट बेंचचं, म्हणजे उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचं, काम सुरू झालं. साखळी उपोषणाला शक्य असेल तर सकाळी दहाच्या आत जा. त्या वेळी कालची बॅच उठून गेलेली असते, कोणीतरी फळ्यावरचा कालचा आकडा पुसून खडूनं आजचा दिवस लिहितं, आज बसणाऱ्यांची नावं एकेक करून वाचली जातात, नाव आलेला माणूस उठतो, शाहू-फुले-आंबेडकरांच्या फोटोंना नमस्कार करतो, डोक्यावर टोपी नीट करतो आणि पुढच्या रांगेत जाऊन बसतो. कोणी शेतातून वैरण टाकून आलेला असतो, कोणी दुकान भावाकडं देऊन. एवढं पंधरा मिनिटांचं बघितलं तरी आंदोलन टिकतं कशावर ते कळतं.

आमरण उपोषण मात्र वेगळी गोष्ट. तिथं माणूस खरंच खाणं सोडून बसलेला असतो, रोज डॉक्टर येऊन बीपी, शुगर, वजन बघून जातात, दसरा चौकात असेल तर सीपीआर हॉस्पिटल समोरच आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर उपोषणकर्त्याशी बोलायचा प्रयत्न करू नका. नमस्कार करा, बाजूला बसा, जे काय विचारायचं ते सोबतच्या माणसांना विचारा. बोलायलासुद्धा ताकद लागते आणि ती पुढाऱ्यांशी, अधिकाऱ्यांशी बोलायला राखून ठेवलेली असते.

रास्ता रोको, चक्काजाम, पंचगंगा पुलावर हायवे अडवणं, हे नवख्या माणसानं बघायला जायचे प्रकार नव्हेत. २०२३ च्या नोव्हेंबरात ऊसदरासाठी शिरोलीच्या पुलावर पुणे-बेंगळुरू हायवे तासन्‌तास बंद होता. असल्या ठिकाणी पोलीस कधी उचलायला लागतील सांगता येत नाही आणि उचलताना कोण बघायला आलाय आणि कोण आंदोलक हे कोणी विचारत बसत नाही. पहिली भेट मांडवातच असू द्या.

हलगी वाजत असेल आणि लोक तोंडावर हात मारून बोंब मारत असतील तर घाबरू नका, तो इथला जुना प्रकार आहे, पेपरात त्याला शंखध्वनी म्हणतात.

जायच्या आधी

सकाळचा पेपर बघा. पुढारी तर कोल्हापूरचाच, सकाळ, लोकमत, तरुण भारत सगळ्यांची कोल्हापूर पानं असतात आणि आज कुठं काय आंदोलन आहे ते आतल्या पानात चार ओळीत दिलेलं असतं. तिथून मागणी काय आणि कुणाकडं आहे एवढं समजून घ्या. कोरी पाटी घेऊन गेलात तर चालतं, पण मग समोरच्या माणसाला शंभराव्यांदा पहिल्यापासून सांगावं लागतं.

त्याच पेपरात अजून एक बातमी बघायची, जिल्ह्यात बंदी आदेश लागू आहे का. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली असे आदेश निघतात, एका वेळी पंधरा दिवसांपर्यंत, आणि सण, निवडणुका, तणाव असला की परत परत निघतात. त्यात परवानगीशिवाय पाच किंवा जास्त लोकांनी जमायचं नाही, काठ्या-हत्यारं बाळगायची नाहीत असं असतं. आदेश असताना पण परवानगी घेऊन आंदोलनं होतात, म्हणून मांडवात गेल्यावर परवानगी आहे ना हे कुणालातरी सरळ विचारा, यात लाजायचं काही नाही, कार्यकर्ते स्वतःहून कागद दाखवतात. शांततेनं, हत्याराशिवाय एकत्र जमायचा हक्क घटनेच्या कलम १९ नं दिलेलाच आहे, पण त्याला वाजवी बंधनं पण घटनेतच आहेत, दोन्ही माहीत असावं.

सरकारी नोकर असाल तर थोडं सांभाळून. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ मधे निदर्शनं आणि राजकीय चळवळीत भाग घेण्याबाबत नियम आहेत. ऐकायला बसणं वेगळं आणि हातात बोर्ड घेणं, घोषणा देणं, सही करणं वेगळं, ही रेघ तुम्हीच पाळायची.

वार बघा. सरकारी ऑफिसं शनिवार-रविवार बंद, म्हणजे अधिकारी येणं, शिष्टमंडळ आत जाणं, ही हालचाल बघायची असेल तर सोमवार ते शुक्रवार. महिन्याचा पहिला सोमवार लोकशाही दिन, त्या दिवशी कलेक्टर ऑफिसला गर्दी जास्त. निवांत बोलायचं असेल तर रविवारी दुपारी जा, भाषणं नसतात, पुढारी नसतात, बसलेली माणसं तेवढी असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या दिवशी कलेक्टर ऑफिसजवळ बंदोबस्त कडक असतो, पहिल्यांदा जाणाऱ्यानं ते दिवस टाळावेत.

सोबत पाण्याची बाटली, टोपी नाहीतर छत्री, आधार किंवा कॉलेजचं ओळखपत्र, छोटी वही आणि पेन. पावसाळ्यात जाजम ओलं असतं, मेणकापड नाहीतर जुनं पोतं घेऊन गेलात तर शेजारच्यालापण उपयोगी पडतं. कपडे साधे. कुठल्या पक्षाच्या रंगाचं उपरणं, टोपी, टी-शर्ट घालून जाऊ नका, कारण कोल्हापूरची बरीच आंदोलनं सर्वपक्षीय कृती समितीच्या नावानं चालतात. शहरातल्या रस्त्यांवर लावलेल्या टोलविरोधातलं आंदोलन असंच चाललं, वयाची ऐंशी ओलांडलेले शेकापचे एन. डी. पाटील सर, कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांचे लोक एका मांडवात होते, आणि २०१५ संपता संपता सरकारला टोल रद्द करावा लागला. पानसरेंना तो दिवस बघायला मिळाला नाही, १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून घरी परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. हे इथं लिहितोय कारण या शहरात मांडवात बसलेल्या वयस्कर माणसांपैकी कितीतरी जणांनी त्यांच्याबरोबर काम केलेलं असतं, आणि बोलण्यात 'आण्णा' आले तर कुणाबद्दल बोलतायत हे तुम्हाला माहीत असावं.

पोचल्यावर

चपला जाजमाच्या बाहेर काढा. नमस्कार करा. मांडवात शिरल्या शिरल्या कोणीतरी विचारतंच, "कुठलं पाव्हणं?" या प्रश्नात संशय नसतो, असला तरी थोडासाच, तेव्हा नाव, गाव, काय करता आणि का आलाय हे एका दमात सांगून टाका. "मी इथं शिवाजी विद्यापीठात शिकतो, नांदेडचा आहे, तुमचं काय चाललंय ते समजून घ्यायला आलोय" एवढं पुरे. पत्रकार असल्याचा, एनजीओचा असल्याचा आव आणू नका, कारण मग लोक त्या हिशोबानं बोलतात, आणि तुमच्याकडून काहीतरी होईल म्हणून आशा लावून बसतात. जी गोष्ट तुम्ही करू शकत नाही तिची आशा लावणं मला सगळ्यात वाईट वाटतं.

मग बसा. पुढच्या रांगेत उपोषणकर्ते आणि समितीचे लोक असतात, ती जागा सोडून मागं नाहीतर कडेला. बायका बहुतेक एका बाजूला एकत्र बसलेल्या असतात, मुली-बायकांनी एकटं जाणार असाल तर सरळ त्यांच्यात जाऊन बसा, "मावशी बसू का इथं" म्हटलं की जागा होते, आणि खरं सांगायचं तर आंदोलनाची खरी हकीकत तिथंच जास्त कळते. रात्री थंडी किती वाजते, पोरं कुणाकडं ठेवून आलोय, बाथरूमला कुठं जावं लागतं. मोठ्या शहरात दिवसेंदिवस उघड्यावर बसलेल्या बाईसाठी शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा असतो आणि स्टेजवरच्या भाषणात तो कधी येत नाही.

थोड्या वेळानं वही फिरत येते. सही करायच्या आधी त्या पानाच्या वर काय लिहिलंय ते वाचा. 'उपस्थिती' असेल तर ती आज कोण कोण आलं त्याची नोंद, 'जाहीर पाठिंबा' असेल तर तुम्ही मागणीला पाठिंबा दिला असं होतं, आणि निवेदनाखालची सही असेल तर तो कागद कलेक्टरकडं किंवा मंत्र्याकडं जाणार. अजून काही माहीत नसताना पाठिंब्याची सही करू नका, "मी आधी समजून घेतो, मग करतो" म्हटलं तर कोणी रागवत नाही. उलट अशा माणसाला बाजूला घेऊन नीट समजावून सांगतात असं मी बघितलंय.

घोषणा सुरू झाल्या तर? "कोण म्हणतं देत नाही, घेतल्याशिवाय राहत नाही" हे कानावर पडणारच. तुम्ही गप्प बसला तरी चालतं. मागणी पटली आणि मनापासून वाटलं तर द्या, नुसतं सगळे देतायत म्हणून नको.

बोलायचं कसं

भाषणाच्या वेळी बोलू नका, दुपारी तीनच्या पुढं, पाच वाजेपर्यंत, मांडव निवांत असतो तेव्हा बोला. वयानं मोठ्या माणसाला काका, मामा, आण्णा, तात्या, बायकांना मावशी, काकू, अक्का. 'अहो सर' फार नको.

चार प्रश्न पुरतात. मागणी नेमकी काय आहे. ती कुणाच्या हातात आहे, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर, महापालिका, का मुंबईला मंत्रालय. शेवटची मीटिंग कधी झाली आणि त्यात काय ठरलं. लेखी काय मिळालं. यातला चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण तोंडी आश्वासनावर उठलेली आंदोलनं परत बसावी लागतात हे इथल्या प्रत्येक जुन्या कार्यकर्त्याला पाठ आहे.

"याचा काय उपयोग होतो का?", "किती दिवस बसणार?", "तुम्हाला कोण पैसे देतं?" हे विचारू नका. पहिले दोन प्रश्न ती माणसं रोज रात्री स्वतःलाच विचारत असतात. तिसरा अपमान आहे.

आणि कागद दाखवले तर हातात घेऊन बघा, घाई करू नका. धरणग्रस्तांच्या मांडवात एका आजोबांची पिशवी मी जवळून बघितलीय. बाजाराची कापडी पिशवी, आत प्लॅस्टिकची फाईल, फाईलीत गेलेल्या जमिनीचा जुना सातबारा, खातेउतारा, प्रकल्पग्रस्त दाखल्याची झेरॉक्स, आणि त्याखाली नुसत्या निवेदनाच्या पोहोच. प्रत्येक पोहोचीवर वरच्या कोपऱ्यात आवक विभागाचा गोल शिक्का, शिक्क्यात तारीख आणि निळ्या पेनानं लिहिलेला आवक नंबर, काही शिक्के इतके फिके झालेले की उजेडाकडं धरल्याशिवाय दिसत नाहीत. आजोबांना वाचायला चष्मा लागत होता आणि चष्मा जवळ नव्हता, तरी कागद बोटानं चाचपून हा कुठल्या साहेबाच्या काळातला, तो साहेब काय म्हणाला होता, त्याची बदली कधी झाली, हे ते सांगत होते. परत ठेवताना सगळे कागद त्याच क्रमानं. मी पुनर्वसन या विषयावर जे काही वाचलंय ते सगळं या पिशवीपुढं मला अपुरं वाटलं, कारण कायदे १९७६ चा, १९८६ चा, १९९९ चा असे बदलत गेले आणि या माणसाची जमीन मात्र शिक्क्याशिक्क्यातनं पुढं सरकत राहिली.

तुम्हाला कोणी असे कागद दाखवले तर फोटो काढू नका. त्यावर गट नंबर, आधार नंबर, घरच्यांची नावं असतात. वहीत टिपायचं असेल तर विचारून टिपा.

फोटो, व्हिडिओ

फोटो काढायचाच असेल तर उठून निघताना, समितीच्या माणसाला विचारून, आणि फ्लेक्स-मांडव असा लांबून. झोपलेल्या माणसाचा, जेवणाऱ्या माणसाचा, सलाईन लावलेल्या उपोषणकर्त्याचा, पदराआड पोराला घेऊन बसलेल्या बाईचा फोटो कुणीही परवानगी दिली तरी काढू नका. उपोषणकर्त्याबरोबर सेल्फी काढणारी माणसं बघितली की माझा संताप होतो, तो माणूस मरणाच्या वाटेवर बसलाय आणि तुम्ही हसून अंगठा दाखवताय. व्हिडिओ टाकणार असाल तर मागणी पूर्ण सांगून टाका, मधलंच एक तापलेलं वाक्य कापून टाकलं तर त्याचे भोग तुम्ही नाही, ती माणसं भोगतात. काही जणांवर आधीच केसेस असतात.

खाणंपिणं

चहा येणारच आणि तो नको म्हणू नका. ठिय्यात गावाकडनं भाकऱ्या येतात, फडक्यात बांधलेल्या, बरोबर झुणका, खर्डा, कांदा. "जेवा की पाव्हणं" म्हटलं तर एक भाकरी खाल्ली पाहिजे, दुसरीला मात्र आधी सगळ्यांचं झालंय का बघा. उपोषण असेल तिथं उलटं, मांडवाच्या आसपास पण काही खाऊ नका, चहासुद्धा लांब टपरीवर जाऊन.

काहीतरी द्यावंसं वाटलं तर विचारून द्या. बिस्किटाचे पुडे सगळेच आणतात, पाण्याचे जार, मेणकापड, डासांची कॉईल, सतरंजी, मोबाईल चार्जिंगला एक्स्टेन्शन बोर्ड याची जास्त गरज असते. पैसे द्यायचे तर पावती पुस्तक असेल तरच, आणि पावती घेऊनच. एका माणसाच्या हातात नोट ठेवून जाऊ नका, त्यानं त्याला अवघडल्यासारखं होतं.

पोलीस आणि साध्या वेशातले

मांडवाच्या बाजूला दोन-चार पोलीस खुर्चीवर असतात, आणि गोपनीय विभागाचे साध्या कपड्यातले एक-दोघं. ते रोज तिथं असल्यामुळं आंदोलकांशी त्यांची ओळख असते, चहा एकत्रच होतो. नवीन चेहरा दिसला की ते नाव-गाव विचारतात. खरं सांगा, ओळखपत्र मागितलं तर दाखवा, वाद घालू नका. परदेशी मित्राला घेऊन जाणार असाल तर जरा विचार करा, टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसानं आंदोलनात दिसणं त्याला आणि आंदोलकांनाही अडचणीचं ठरू शकतं.

हवा तापतेय असं वाटलं, म्हणजे गाड्या वाढल्या, हेल्मेट घातलेले पोलीस आले, माईकवरून इशारे सुरू झाले, तर शांतपणे उठून बाहेर पडा. पळू नका. कडेनं चालत मोठ्या रस्त्याला या.

घरी आल्यावर

मांडवात ऐकलेलं ही एक बाजू, ती पुरी ऐकलीत हे चांगलं झालं, आता दुसरी बघा. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचंच घ्या. मूळ आराखड्यात वर्ध्यातल्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, आणि कोल्हापूर जिल्ह्यात त्याला शेतकऱ्यांचा मोठा विरोध. मांडवात तुम्हाला सांगतील बागायत जमीन जाणार, पुराचं पाणी तुंबणार. सरकार म्हणतं प्रवासाचा वेळ वाचणार, देवस्थानं जोडली जाणार, विकास होणार. राजपत्रातली अधिसूचना शोधा, गट नंबर बघा, भूसंपादनाचा २०१३ चा कायदा मोबदल्याबद्दल काय म्हणतो ते वाचा, नकाशा उघडून पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा कुठनं जातात ते बघा. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यानं शिरोळ-करवीरमधे अनुभवलाय त्याला भरावाचा रस्ता म्हटल्यावर पोटात गोळा का येतो, हे नकाशा समोर असला की जास्त चांगलं कळतं. ऊसदराचं असेल तर त्या वर्षाची एफआरपी किती, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात ते दिले का, कारखान्याची रिकव्हरी किती, हे आकडे मिळतात. जो आकडा दोन्ही बाजू वेगवेगळा सांगतायत तो वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी जाऊन विचारा.

पुढच्या वेळी म्हणतोय कारण एकदा जाऊन काही कळत नाही. आठ दिवसांनी परत जा, त्याच माणसांशेजारी बसा. दुसऱ्यांदा गेल्यावर तुम्हाला कुठलं विचारत नाहीत, काय झालं ते सांगायला लागतात, कलेक्टर आले होते का, मुंबईला मीटिंग लागली का, कोण फुटलं, कोण नवीन आलं.

मांडव उठलेला असला तर जवळच्या टपरीवर विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. कुणाच्या हस्ते सरबत घेऊन उपोषण सोडलं, पत्र कुणी दिलं, किती मुदत दिली. समितीचं पत्रक घरी ठेवलेलं असेल तर त्यावर खाली समन्वयकांचे फोन नंबर असतात, एकाला फोन लावा आणि मिळालेल्या पत्राची झेरॉक्स बघायला मिळेल का विचारा. त्यात "नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" एवढंच असेल तर मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या आठवड्यात दसरा चौकातून एक चक्कर मारा.